डोंगराआडच्या पाड्यावर रेंज: वळवता येणारा परावर्तक पृष्ठभाग की साधा पत्रा?

पाड्यावरची_शाळा
नमस्कार मंडळी. अक्राणी तालुक्यातल्या एका पाड्याचा प्रश्न आहे. टॉवरपासून मधल्या डोंगराच्या धारेपर्यंत सरळ रेषेत ३ किलोमीटर, धारेपासून खाली पाड्यापर्यंत ८०० मीटर. धारेवर १८०० मेगाहर्ट्झचं फोरजी चांगलं मिळतं, पाड्यात काहीच नाही. घरं साधारण ३०० मीटरच्या पट्ट्यात विखुरलेली. शाळेची ऑनलाइन कामं, अंगणवाडीच्या नोंदी, रेशनचा अंगठा, सगळं अडतं. रात्री १०८ ला फोन लावायचा तरी धार चढावी लागते.

हल्ली 'रीकॉन्फिगरेबल इंटेलिजंट सरफेस' म्हणजे आरआयएसबद्दल बरंच वाचायला मिळतं. लहरी हव्या त्या दिशेला वळवणारा पृष्ठभाग, वीज नाममात्र. धारेवर असा एक उभा केला तर पाड्यात रेंज येईल का? किती मोठा लागेल? आणि नुसता पत्रा लावला तर काय फरक पडेल? आकड्यांत सांगितलंत तर ग्रामसभेत मांडता येईल.

लहरी
ताई, आधी आरआयएस म्हणजे काय ते. पीसीबीवर (छापील सर्किट बोर्डवर) अर्ध्या तरंगलांबीच्या अंतराने तांब्याचे तुकडे छापलेले असतात आणि प्रत्येकाला एक पिन डायोड (विजेवर चालणारा स्विच) किंवा व्हॅरॅक्टर (व्होल्टेजने धारिता बदलणारा डायोड) जोडलेला असतो. डायोड चालू-बंद केला की त्या तुकड्यावरून परतणाऱ्या लहरीची फेज, म्हणजे तिचे चढ-उतार कधी येतात ते, बदलते. सगळ्या तुकड्यांच्या फेज अशा लावायच्या की हव्या त्या दिशेला लहरी एकमेकींत मिळाव्यात. आरशात आपतन कोन आणि परावर्तन कोन सारखेच असावे लागतात. इथे ते बंधन नाही.

पण एक गोष्ट नीट लक्षात घ्या. हा पृष्ठभाग ताकद तयार करत नाही. त्याच्यावर जेवढी पडते तेवढीच वळवतो, आणि त्यातलीही थोडी खातो. त्यामुळे सगळं त्याच्या क्षेत्रफळावर आणि दोन्ही टोकांच्या अंतरांवर ठरतं.

डेसिबल_भुसावळ
ताईंनी अंतरं दिली आहेत, तेव्हा हिशेब मांडू या. डेसिबल म्हणजे ताकदीचं लॉग प्रमाण: ३ वाढले की ताकद दुप्पट, १० वाढले की दहापट.

मोकळ्या हवेतला ऱ्हास = ३२.४४ + २० लॉग(किमी) + २० लॉग(मेगाहर्ट्झ).
टॉवर ते धार, ३ किमी: १०७.१ डेसिबल.
धार ते पाडा, ०.८ किमी: ९५.६ डेसिबल.
बेरीज २०२.७. परावर्तकात हे दोन्ही ऱ्हास डेसिबलमध्ये मिळवावे लागतात, म्हणजे अंतरांचा गुणाकार होतो. म्हणूनच परावर्तक दोन्ही टोकांच्या बरोबर मधोमध असेल तर सर्वात वाईट, एखाद्या टोकाजवळ असेल तर बरा.

आता सपाट धातूच्या पत्र्याचा लाभ = ४२.९ + ४० लॉग(गिगाहर्ट्झ) + २० लॉग(चौ.मी.) + २० लॉग(कोसाइन आल्फा). आल्फा म्हणजे पत्र्याच्या लंबाशी लहरीचा कोन. १० चौ.मी. पत्रा आणि आल्फा ४५ अंश धरला तर ४२.९ + १०.२ + २० − ३ = ७०.१.

निव्वळ ऱ्हास १३२.६ डेसिबल. टॉवरचा ४० वॉट म्हणजे ४६ डीबीएम (१ मिलिवॉटच्या तुलनेत डेसिबल), अँटेना १७ डीबीआय (झोत एकवटल्याने होणारा लाभ), एकूण ६३ डीबीएम. पाड्यात पोचतात −६९.६ डीबीएम. ऐकायला छान वाटतं, पण हा आकडा पूर्ण २० मेगाहर्ट्झचा झाला. फोन दाखवतो तो आरएसआरपी, म्हणजे सिग्नलच्या ताकदीचा आकडा, एका उपवाहकाचा (पट्ट्याच्या एका बारीक फाळक्याचा) असतो. उपवाहक १२००, म्हणजे ३०.८ वजा करा: −१००. वर टॉवरची अँटेना रस्त्याकडे, वस्तीकडे झुकवलेली असते. धार तिच्या मुख्य झोताच्या वर पडते. त्याचे १० डेसिबल गेले की −११०. उघड्यावर फोन कसाबसा लागेल, घरात भिंतीचे आणखी १० ते १५ गेले की संपलं.

यापेक्षा मोठी अडचण वेगळीच आहे. ३.१६ मीटर बाजूच्या पत्र्याचा झोत १८०० मेगाहर्ट्झला उभ्यात २.७ अंश आणि ४५ अंशाच्या तिरकेपणामुळे आडव्यात ३.८ अंश. ८०० मीटरवर तो आडवा जेमतेम ५३ मीटर पडतो. पाडा ३०० मीटर. पत्रा चौपट केला तर ताकद १२ डेसिबल वाढते, पण झोत निम्म्यावर येतो, २६ मीटर. पत्र्याला बाक देऊन झोत ३०० मीटर पसरवला तर साडेसात डेसिबल जातात आणि आपण −११७ च्या आसपास पोचतो.

भरीत_पार्टी
भो, गनित मस्त शे! पन पाडाना निम्मा लोके रेंजमा आनि निम्मा बाहेर, मंग भांडनच व्हई.

गिरणाकाठ
डेसिबल सर, हिशेब मान्य. पण आरआयएसचा मुद्दा नेमका इथेच येतो. झोत अरुंद आहे ना? मग तो फिरवा. दहा-वीस मिलिसेकंदांनी एका वाडीवरून दुसऱ्या वाडीवर न्या, ३०० मीटरचा पट्टा सहा झोतांत बसतो. साधा पत्रा हे कधीच करू शकणार नाही.

शिवाय तुकड्यांची संख्या दुप्पट केली की ताकद चौपट होते, ६ डेसिबल. पृष्ठभाग वाढवत नेला की गाडी रुळावर येते.

डेसिबल_भुसावळ
@गिरणाकाठ, ६ डेसिबलचा नियम पत्र्यालाही तसाच लागू आहे, वर २० लॉग क्षेत्रफळ तेच सांगतं. १० चौ.मी.मध्ये १८०० मेगाहर्ट्झला ८.३ सेंटिमीटरचे सुमारे १४४० तुकडे बसतील. एक-बिट नियंत्रण असेल, म्हणजे फक्त ० आणि १८० अंश, तर फेजच्या गोळाबेरजेत ३.९ डेसिबल जातात. दोन-बिटला ०.९, तीन-बिटला ०.२. त्यात डायोड आणि बोर्डाचे एक-दोन. म्हणजे तेवढ्याच आकाराचा पत्रा एक-बिट आरआयएसपेक्षा ५–६ डेसिबलने सरस. दोन्ही टोकं जागची हलत नसतील तर वळवण्याची सोय विकत घेऊन तोटाच होतो.

झोत फिरवण्याचं म्हणाल, तर टॉवरचा शेड्युलर (कोणाला कधी डेटा द्यायचा हे ठरवणारा भाग) आणि पृष्ठभाग यांचं घड्याळ जुळलेलं असावं लागतं. कुठल्या मिलिसेकंदाला कोणाचा डेटा जातोय हे टॉवरलाच माहीत. आपण बाहेरून झोत फिरवत बसलो तर फोनला दर काही क्षणांनी रेंज गेल्यासारखी वाटेल आणि तो जोडणीच सोडून देईल.

तिसरं, १८०० च्या पट्ट्यात फोनकडून जाणारी लहर १७१० ते १७८५ वर आणि येणारी १८०५ ते १८८० वर. दोहोंत ९५ मेगाहर्ट्झचं अंतर, म्हणजे ५ टक्क्यांहून जास्त. पातळ बोर्डावरच्या साध्या पॅचची (तांब्याच्या तुकड्याची) फेज एवढ्या रुंदीत एकसारखी राहत नाही. येणारी लहर नीट वळेल आणि जाणारी भरकटेल. पत्र्याला हा त्रास नाही, तो सगळ्या पट्ट्यांना आणि सगळ्या कंपन्यांना सारखाच.

धुळेकर_आरएफ
वरच्या चर्चेतून कोणी आरआयएस निरुपयोगी आहे असं समजू नये. त्याची जागा वेगळी आहे: उच्च वारंवारता, कमी अंतर, हलणारे वापरकर्ते. २६ गिगाहर्ट्झला तरंगलांबी साडेअकरा मिलिमीटर. अर्ध्या मीटरच्या चौकोनात साडेसात हजार तुकडे मावतात. तिथे सिग्नल भिंतीआड अजिबात वळत नाही, म्हणून कोपऱ्यावरचा परावर्तक खरा उपयोगी. आपल्याकडे या पट्ट्याचा लिलाव २०२२ मध्ये झाला.

जपानच्या डोकोमो या मोबाइल कंपनीने काच बनवणाऱ्या एजीसीसोबत २०२० मध्ये २८ गिगाहर्ट्झवर पारदर्शक पृष्ठभागाची चाचणी जाहीर केली. त्याच वर्षी चीनमधल्या त्सिंगहुआ विद्यापीठाच्या गटाने २५६ तुकड्यांचा दोन-बिट पृष्ठभाग मांडला, २.३ गिगाहर्ट्झला २१.७ आणि २८.५ ला १९.१ डीबीआय लाभ. युरोपच्या एट्सी या दूरसंचार मानक संस्थेने २०२१ मध्ये यासाठी स्वतंत्र गट नेमला. पण मोबाइल नेटवर्कची जागतिक मानकं ठरवणाऱ्या थ्रीजीपीपीने रिलीज १८ मध्ये प्रमाणित केला तो नेटवर्क-नियंत्रित रिपीटर, आरआयएस नव्हे. त्या रिपीटरमध्ये अ‍ॅम्प्लिफायर असतो आणि झोत कधी कुठे वळवायचा हे टॉवर त्याला कळवतो. गिरणाकाठ म्हणतात ते वेळेवार झोत फिरवणं तिथे शक्य होतं.

सोल्डरगन
जळगाव-शिरपूरच्या इंजिनिअरिंगच्या मुलांना प्रकल्प म्हणून हे करायचं असेल तर ५.८ गिगाहर्ट्झ निवडा, परवाना लागत नाही आणि राऊटर स्वस्त. कृती देतो.

तरंगलांबी ५१.७ मिमी, तुकड्यांमधलं अंतर २५ मिमी. १६ × १६ = २५६ तुकडे, एकूण ४० × ४० सेंमी. एकाच बोर्डावर छापू नका. ८ × ८ च्या चार फरशा २० सेंमीच्या करा, एक बिघडली तर तेवढीच बदलता येते. १.६ मिमी एफआर-४ (नेहमीचा स्वस्त बोर्ड) वर पॅच साधारण १२ मिमी, पण छापण्याआधी सिम्युलेशनमध्ये एक तुकडा आवर्ती सीमा लावून (म्हणजे चहूबाजूंना तसेच तुकडे आहेत असं धरून) तपासा. दोन स्थितींतला फेजफरक १८० अंश, अधिक-उणे २० पर्यंत चालतो.

डायोड एसएमपी१३४० किंवा बीएआर६४ जातीचा. बायसची तार पॅचच्या मध्यरेषेवरून, जिथे व्होल्टेज शून्य असतं तिथून काढा. नाहीतर ती तारच अँटेना होते आणि फेजफरक ६०-७० अंशांवर येतो. बहुतेक बोर्ड इथेच फसतात.

नियंत्रणाला ३२ शिफ्ट रजिस्टर, ७४एचसी५९५, एकापुढे एक, आणि एक ईएसपी३२ मायक्रोकंट्रोलर. ५ व्होल्टवर ४३० ओहम रेझिस्टर लावला की डायोडला सुमारे १० मिलिअँप मिळतात.

कोणता तुकडा ० आणि कोणता १? प्रत्येक तुकड्याचं प्रेषकापासूनचं आणि ग्राहकापासूनचं अंतर मोजा, बेरजेला २π भागिले तरंगलांबीने गुणा, कोसाइन धन आला तर ०, ऋण आला तर १. तिरप्या कोनाचं सोपं सूत्र वापरू नका. या आकाराला दूरक्षेत्र (जिथून पुढे लहर सपाट धरता येते) साडेबारा मीटरपुढे सुरू होतं, आणि प्रयोगशाळा त्याहून लहान असते.

हिशेबाने ४० सेंमी चौकोनाचा लाभ २८.८ डेसिबल. एक-बिटचे ३.९ आणि एफआर-४ चे दोन-तीन गेले की २२-२३ उरतो. एफआर-४ चा लॉस टॅन्जंट (बोर्ड किती ताकद खातो याचं माप) ०.०२ आहे, आरओ४००३सी या खास आरएफ बोर्डाचा ०.००२७. पण त्याची किंमत पाहता पहिल्या बोर्डाला एफआर-४ च बरा.

लहरी
@सोल्डरगन, दोन दुरुस्त्या. ७४एचसी५९५ च्या संपूर्ण चिपची मर्यादा ७० मिलिअँप आहे. आठही आउटपुट १० मिलिअँपने चालू झाले तर ८० होतात, चिप तापते आणि आउटपुटचं व्होल्टेज बसतं. मग काही डायोड अर्धवट चालू राहतात आणि नेमका कुठला हे शोधण्यात दिवस जातो. १ किलोओहम लावून ४ मिलिअँपवर चालवा, किंवा टीपीआयसी६बी५९५ घ्या. तो प्रत्येक पायाला १५० मिलिअँप खेचतो, मात्र खालच्या बाजूने, त्यामुळे डायोडची दिशा त्यानुसार ठेवा.

दुसरं, एक-बिट पृष्ठभागावर दुरून सरळ लहर पडली तर झोत दोन निघतात, हव्या दिशेला एक आणि आरशातल्यासारखा उलट बाजूला दुसरा. ताकद निम्मी होते. उपाय म्हणजे छापतानाच निम्म्या तुकड्यांना यादृच्छिक ९० अंशांची जादा फेज देणे. मग दुसरा झोत विखुरतो.

आणि अंतरं मोजायची नसतील तर एकेक तुकडा उलटवून आरएसएसआय (मिळालेल्या सिग्नलच्या ताकदीचा आकडा) बघत बसू नका. २५६ पैकी एका तुकड्याचा फरक राऊटरच्या आकड्यात दिसतच नाही. हदामार मॅट्रिक्सच्या (+१ आणि −१ च्या ठरावीक तक्त्याच्या) ओळींप्रमाणे निम्मे-निम्मे तुकडे एकदम उलटवा, फरक ठळक येतो.

केळीबाग_रावेर
जरा वेगळं विचारतो. केळीच्या बागेत ओलाव्याचे सेन्सर २.४ गिगाहर्ट्झवर आहेत, ५० मीटरपुढे डेटा येत नाही. तिथे असा परावर्तक चालेल?

धुळेकर_आरएफ
केळीबाग दादा, तिथे परावर्तक नको. झाडीतला ऱ्हास सांगणाऱ्या वाइसबर्गरच्या सूत्राने ५० मीटर पानांच्या गर्दीत २.४ गिगाहर्ट्झला १७ डेसिबल जातात, ८६६ मेगाहर्ट्झला १२.७. ते सूत्र कोरड्या झाडांवरचं आहे. केळीच्या पानात आणि खोडात पाणी ठासून भरलेलं, ठिबक चालू असताना त्याहून जास्तच जाईल. ८६५ ते ८६८ मेगाहर्ट्झ आपल्याकडे परवानामुक्त आहे, त्यावर लोरा (थोडा डेटा लांबवर नेणारं रेडिओ तंत्र) मॉड्यूल लावा आणि गेटवेची अँटेना बागेच्या माथ्यावर ६ मीटर खांबावर न्या. सेन्सरची अँटेनासुद्धा एका पाइपवर पानांच्या वर काढली तर निम्मा प्रश्न तिथेच मिटतो. घड कापणीच्या वेळी पाइप आडवा येणार नाही अशा सरीत घ्या.

भरीत_पार्टी
ऑनलाइन दोन-तीन हजारात मोबाइल बूस्टर मिळतो. तोच धारेवर का नाही लावायचा?

डेसिबल_भुसावळ
अजिबात नको. विनापरवाना बूस्टर बाळगणंही गुन्हा आहे. तो कंपनीच्या परवान्याच्या पट्ट्यात स्वतः प्रसारण करतो. शिवाय दोन अँटेनांमध्ये पुरेसं विलगीकरण नसेल तर बूस्टर स्वतःचाच सिग्नल पुन्हा पुन्हा वाढवत गुंजू लागतो (ऑसिलेशन) आणि टॉवरचा अपलिंक, म्हणजे फोनकडून टॉवरकडे येणारा सिग्नल, बुजवतो. मग आज ज्यांना रेंज आहे त्यांचीही जाते. धारेवरून तर त्याला आजूबाजूचे सगळे टॉवर दिसतील. १०८ साठी सोय करायला जाऊन दुसऱ्या गावाचा १०८ बंद पडेल.

धुळेकर_आरएफ
पत्रा उभा करायचा विचार असेल तर वाऱ्याचं बघा. आयएस ८७५ च्या सूत्राने दाब ०.६ गुणिले वेगाचा वर्ग. ४० मीटर प्रति सेकंद धरला तर दर चौ.मी.ला ९६० न्यूटन. १० चौ.मी.ला जवळजवळ एक टन, त्यात आकाराचा गुणांक मिळवला की टनाच्या वर. १८०० मेगाहर्ट्झला १२ मिमी छिद्रांची वेल्डेड जाळीही चालते, छिद्र तरंगलांबीच्या दहाव्या हिश्शापेक्षा लहान असलं की लहरीला ती सलग वाटते आणि वारा बराचसा निघून जातो. मात्र जाळीचे जोड गंजू देऊ नका. गंजलेला जोड डायोडसारखा वागतो, दोन वारंवारतांची भेसळ करून तिसरीच तयार करतो.

आणि जागा वनखात्याची असेल तर आधी परवानगी. वनहक्क कायद्याच्या कलम ३(२) मध्ये ग्रामसभेच्या शिफारशीने एक हेक्टरपेक्षा कमी जमीन ज्या सोयींना देता येते त्यांत दूरसंचार वाहिन्या आहेत, पण पत्र्याचा सांगाडा त्यात बसतो का हे वनखात्याकडून लेखी घ्या.

पाड्यावरची_शाळा
सर्वांचे आभार, ग्रामसभेला हे आकडे सांगता येतील. म्हणजे आरआयएस बाद आणि पत्राही जवळजवळ बाद. मग पाड्याने करायचं काय? टॉवर येईपर्यंत थांबायचं?

डेसिबल_भुसावळ
टॉवरची मागणी सोडू नका. केंद्राने जुलै २०२२ मध्ये मंजूर केलेल्या फोरजी योजनेत रेंज नसलेली २४,६८० गावं धरली होती. पाड्याचं नाव यादीत आहे का ते जिल्हाधिकारी कार्यालयात विचारा.

पण पत्रा बाद नाही, ताई. आपण त्याला चुकीचं काम देत होतो. तो ३०० मीटर वस्ती उजळू शकत नाही, पण एका डिशवर नेम धरू शकतो. टॉवरच्या गावात ब्रॉडबँड असेल तर तिथून ५.८ गिगाहर्ट्झचा बिनतारी झोत धारेवरच्या पत्र्यावर मारा आणि पाड्यात शाळेच्या छतावर डिशने पकडा.

३ किमी: ११७.३. ०.८ किमी: १०५.८. बेरीज २२३.१. २ × २ मीटर पत्रा, आल्फा ४५ अंश: ४२.९ + ३०.५ + १२ − ३ = ८२.४. निव्वळ ऱ्हास १४०.७. प्रेषण ३६ डीबीएम, शाळेची डिश ३० डीबीआय, मिळाले −७४.७ डीबीएम. २० मेगाहर्ट्झला हे भरपूर झालं. दोन्ही बाजूंनी हिशेब सारखाच. धारेवर ना बॅटरी, ना सोलर, ना चोरीला जाण्यासारखं काही. पुढे पाड्यात साधे वायफाय राऊटर; वायफाय कॉलिंग असलेल्या फोनवरून बोलताही येतं.

इथे पत्रा सपाट हवा, ३ मिमीच्या आत. २ मिमी अ‍ॅल्युमिनियम, मागे चौकोनी नळ्यांची चौकट, दर ४०० मिमीला रिव्हेट. झोत उभ्यात १.३ अंश, आणि पत्रा अर्धा अंश फिरला तर झोत एक अंश फिरतो, म्हणून मागे एम१६ आट्यांचे तीन समायोजक बोल्ट आणि प्रत्येकाला लॉकनट.

पाड्यावरची_शाळा
हे जमण्यासारखं आहे! पण नकाशावर मोजलं तर धारेवर टॉवरकडची आणि पाड्याकडची दिशा यांत १५० अंश भरतात. चालेल?

लहरी
नाही चालणार, आणि हे आत्ताच कळलं ते बरं. १५० अंश म्हणजे आल्फा ७५, कोसाइन ०.२६, तीनऐवजी ११.७ डेसिबल जातील. जवळपास नऊचा फटका, म्हणजे −८३ च्या खाली. दोन्हीकडून पत्रा जवळजवळ कडेनेच दिसेल. टॉवर, धार आणि पाडा एका रेषेत असले की असंच होतं. समोरचा किंवा बाजूचा डोंगर शोधा, जिथून दोन्ही दिसतात आणि कोन ९० च्या आत येतो. अंतर थोडं वाढलं तरी चालेल. अंतर दीडपट झालं तर साडेतीन डेसिबलच जातात.

पाड्यावरची_शाळा
पाड्याच्या पूर्वेला एक टेकाड आहे. नकाशावर कोन ८० अंश, टॉवर ३.४ किमी, पाडा ९०० मीटर.

डेसिबल_भुसावळ
उत्तम. आल्फा ४० अंश, कोसाइनचे २.३. अंतरांमुळे मिळून २.१ डेसिबल जास्त जातात, कोनाचे ०.७ परत मिळतात. −७६ धरून चाला.

नेमासाठी टोटल स्टेशनने टेकाडावरून दोन्ही टोकांचे आडवे आणि उभे कोन घ्या. कोनांची नुसती सरासरी करू नका, दोन्ही दिशांचे एकक सदिश मिळवा. बेरजेची दिशा म्हणजे पत्र्याचा लंब. मग पत्र्याच्या मधोमध एक सपाट आरसा चिकटवा. टॉवरवर ऊन असताना शाळेच्या छतावरून दुर्बिणीने बघा. आरशात टॉवर दिसला की पत्रा जागेवर. शेवटचं बारीक जुळवणं मात्र आरएसएसआय बघूनच, एका वेळी एक बोल्ट.

धुळेकर_आरएफ
एकच भर घालतो. सागाचं जंगल असेल तर पाहणी उन्हाळ्यात करू नका, तेव्हा झाडं निष्पर्ण असतात आणि सगळं स्वच्छ दिसतं. ३.४ किमीच्या मध्यावर ५.८ गिगाहर्ट्झला पहिल्या फ्रेनेल क्षेत्राची (सरळ रेषेभोवती लहरीला लागणाऱ्या जागेची) त्रिज्या ६.६ मीटर, त्यातले किमान ४ मीटर मोकळे हवेत. मधल्या उंचवट्यावरच्या सागांची उंची आत्ताच मोजून घ्या आणि पानं आल्यावर ऑगस्टमध्ये पुन्हा एकदा दुर्बीण लावा.